लॅपटॉपला घरचं वायफाय दिसतं, पण जोडलं जात नाही: बिघाड शोधण्याची रीत

फोन चालतो, टीव्ही चालतो, फक्त लॅपटॉप त्याच वायफायला जोडला जात नाही. ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ एवढं एक वाक्य दिसतं आणि पुढे काही कळत नाही. मग पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला जातो, राउटर बंद-चालू होतो, आणि शेवटी कुणीतरी सुचवतं की पासवर्ड काढूनच टाका, कटकट मिटेल. एवढं मात्र करू नका. बिनपासवर्डच्या वायफायवर जिन्यातला कुणीही तुमच्या नावावरचं कनेक्शन वापरू शकतो, राउटरच्या सेटिंग्जच्या पानापर्यंत पोचू शकतो, आणि लॅपटॉपचा मूळ बिघाड तसाच राहतो. एन्क्रिप्शन (पासवर्डच्या चावीने माहिती कुलूपबंद करणं) चालू ठेवून हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी सुटतो. त्यासाठी नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधावं लागतं.

वायफाय एका झटक्यात जोडलं जात नाही. पहिल्या पायरीवर लॅपटॉपला नेटवर्कचं नाव दिसतं. दुसरीवर लॅपटॉप आणि राउटर यांची सुरक्षा पद्धत आणि चावी जुळते. तिसरीवर राउटर लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखीचा आकडा, देतो. चौथीवर राउटरपलीकडचं इंटरनेट चालू लागतं. नावच यादीत नसेल तर पासवर्ड बदलून उपयोग नाही, आणि राउटरकडून आयपी पत्ता मिळाला असेल तर पासवर्ड बरोबर आहे हे सिद्धच झालेलं असतं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी धावपळ वाचते.

कुठल्या पायरीवर अडलंय?

विंडोजवर स्टार्ट मेनूत ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये एकेक जागा सोडून लिहायच्या. पहिला शब्द ‘नेट’ आणि त्याला चिकटून ‘एस-एच’. दुसरा ‘डब्ल्यू’ आणि त्याला चिकटून ‘लॅन’.

पहिली कमांड: ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’. उत्तरात ‘स्टेट’, ‘ऑथेंटिकेशन’, ‘सायफर’, ‘चॅनेल’ आणि ‘सिग्नल’ या ओळी पाहा. स्टेटपुढे ‘कनेक्टेड’ असेल तर पहिल्या दोन पायऱ्या पार झाल्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून या कमांडला लोकेशनची परवानगी लागते. उत्तराऐवजी परवानगीची सूचना आली तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत लोकेशन चालू करा आणि डेस्कटॉप ॲप्सनाही मुभा द्या.

दुसरी कमांड: ‘आयपीकॉन्फिग’, सगळं सलग. वायफायच्या विभागात आयपीव्ही४ पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तिसरी पायरीही बहुधा पार. १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.०, जिओफायबरच्या राउटरवर १९२.१६८.२९ असा आकडा सहसा असतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून काही मिळालं नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन घेतला आहे.

फोनवर नेट चालतंय का हेही आधीच पाहून घ्या, पण मोबाइल डेटा बंद करून. डेटा चालू असताना वायफाय बंद पडलेलं कित्येकांच्या लक्षातच येत नाही. फोनवरही नेट नसेल आणि फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागलेला किंवा लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाश तुटला आहे. फायबरची तार कुठे काटकोनात दुमडली आहे का, कपाटामागे दबली आहे का ते बघा. तसं नसेल तर तक्रार नोंदवा. लॅपटॉपला हात लावायची गरज नाही.

नावच दिसत नाही

यादीत एकही नेटवर्क नसेल तर वायफायचा रेडिओ बंद आहे. एअरप्लेन मोड, कीबोर्डवरचं एफएन बरोबर दाबायचं वायफायचं बटण, काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला असलेला सरकता स्विच, या क्रमाने तपासा. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘सर्व्हिसेस.एमएससी’ उघडा. तिथे ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही सेवा ‘रनिंग’ असली पाहिजे.

शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, तेव्हा कारण बहुधा बँडमध्ये, म्हणजे वायफायच्या २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात, असतं. स्वस्त लॅपटॉपांत २०१३ ते २०१६ च्या सुमारास सर्रास आलेली रिअलटेक आरटीएल८७२३बीई, अथेरॉस एआर९४८५, ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ ही वायफाय कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर २.४ बंद असेल, किंवा ‘५जी’ (इथे अर्थ ५ गिगाहर्ट्झ) शेपटी असलेलं नाव तुम्ही शोधत असाल, तर ते या लॅपटॉपांना कधीच दिसणार नाही. उलट बाजूने, २.४ वर राउटरने १२ किंवा १३ क्रमांकाचं चॅनेल (पट्ट्यातला एक कप्पा) धरलं असेल तर अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला ते दिसत नाही, कारण तिथे वायफाय ११ पर्यंतच वापरतात. भारतात १ ते १३ चालतात, म्हणून ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर १३ वर जाऊन बसू शकतो. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्कं करून टाका.

५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. ती वापरण्याआधी राउटर किमान मिनिटभर कान देऊन ऐकतो, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर ५जीचं नाव उशिरा उगवतं. घरात हे वरचेवर होत असेल तर ३६ ते ४८ मधलं चॅनेल निवडा.

राउटर नवा, वायफाय ६ चा, आणि लॅपटॉपात जुनं इंटेल कार्ड असेल तर आणखी एक शक्यता. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरना (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ८०२.११एएक्स, म्हणजे वायफाय ६ ची, नेटवर्कं दिसतच नाहीत. फोनच्या हॉटस्पॉटवरून किंवा यूएसबी केबलने टेदरिंग करून ड्रायव्हर अद्ययावत केला की नाव दिसू लागतं. तोवरचा तोडगा म्हणजे राउटरवर २.४ चा मोड तात्पुरता बी/जी/एन करणं.

चावी जुळत नाही

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत.

वायफायचा पासवर्ड हवेतून कधीच पाठवला जात नाही. डब्ल्यूपीए२ या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत लॅपटॉप तुमचा पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ४०९६ फेऱ्यांचं गणित करतो आणि २५६ बिटांची चावी काढतो. राउटरकडे तेच गणित आधीच केलेलं असतं. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते. पहिल्यात राउटर एक यादृच्छिक आकडा धाडतो, दुसऱ्यात लॅपटॉप आपला आकडा आणि चावीवरून काढलेली मोहोर धाडतो. मोहोर जुळली तर तिसऱ्या निरोपात राउटर गटाची (सगळ्या उपकरणांची सामायिक) चावी देतो आणि चौथ्यात लॅपटॉप पोच देतो. मोहोर जुळली नाही तर राउटर दुसरा निरोप टाकून देतो आणि पहिलाच पुन्हा पाठवत राहतो. थोड्या वेळाने लॅपटॉप कंटाळून सोडून देतो. कुठलं अक्षर चुकलं हे राउटरलाही कळत नाही, म्हणून तो सांगूही शकत नाही. सिग्नल कमजोर असून एखादा निरोप हवेत हरवला तरी लॅपटॉपच्या बाजूने चित्र तेच दिसतं. त्यामुळे दुसऱ्या खोलीतून ‘पासवर्ड चुकीचा’ असं आलं तर आधी लॅपटॉप उचलून राउटरपासून दोन-तीन मीटरवर न्या आणि मगच निष्कर्ष काढा.

नेटवर्कचं नाव गणितात मिसळलेलं असल्यामुळे त्यातलं मोठं-लहान अक्षर, शेवटी राहिलेली रिकामी जागा, सगळं चावी बदलतं. लपवलेलं नेटवर्क हाताने नाव टाइप करून जोडताना ही चूक हमखास होते. नाव लपवण्याने सुरक्षा वाढत नाही. लॅपटॉप मात्र जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो. नाव उघडं ठेवा. देवनागरीत नाव द्यायची हौस असेल तर मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार तीन बाइट खातो, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं बसतात. शिवाय काही राउटरांचं पान आणि काही उपकरणं त्याचा चुराडा करून दाखवतात. बिघाड शोधताना तरी साधं रोमन नाव बरं.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो आणि त्यात फक्त इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं, अंक आणि चिन्हं चालतात. टाइप करताना डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून अक्षरं उघडी करा. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर ठिपक्यांमागे देवनागरी उमटत असतं आणि पत्ताही लागत नाही. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. त्यातही ‘इंग्लिश युनायटेड किंगडम’ असा कीबोर्ड निवडलेला असेल तर २ च्या बटणावर शिफ्टने ‘ॲट’चं चिन्ह येत नाही, अवतरणचिन्ह येतं. पासवर्डात ‘ॲट’ असणारी घरं पुष्कळ, त्यामुळे हा घोळही पुष्कळ. स्टिकरवरून वाचताना शून्य आणि ओ, एक आणि लहान एल, मोठा आय यांची गल्लत होते. कॉपी-पेस्ट केलं तर मागे एक रिकामी जागा चिकटून येते. फोन जोडलेला असेल तर अँड्रॉइडच्या वायफाय सेटिंग्जमधलं ‘शेअर’ दाबा. क्यूआर कोडच्या खाली बहुतेक फोनांत पासवर्ड लिहिलेला दिसतो, आणि तो चालणारा पासवर्ड आहे याची खात्री असते.

पासवर्ड तंतोतंत बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर लॅपटॉपने साठवून ठेवलेली जुनी माहिती हा पहिला संशयित. विंडोज नुसता पासवर्ड साठवत नाही, सुरक्षेचा प्रकारही साठवतो. राउटर बदलला, नाव आणि पासवर्ड मुद्दाम तेच ठेवले, पण नव्यावर फक्त डब्ल्यूपीए३ चालू आहे आणि जुनी नोंद डब्ल्यूपीए२ ची आहे, तर लॅपटॉप पासवर्ड न विचारताच नकार देतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ इथे जाऊन त्या नावापुढचं ‘फरगेट’ दाबा. नंतर लॅपटॉप रीस्टार्ट करा, नुसता शटडाउन करून चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये ड्रायव्हरची जुनी अवस्था तशीच राहते. मग पहिल्यापासून जोडा.

एकाच नावाची दोन यंत्रं चालू आहेत का तेही बघा. हॉलमध्ये नवा राउटर आणि आतल्या खोलीत जुना रिपीटर, नाव एक पण पासवर्ड वेगळे, असं असेल तर खोलीनुसार लॅपटॉप कधी जोडला जातो, कधी नाही. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी’ या कमांडने एका नावाखाली किती यंत्रं आहेत ते दिसतं. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडायची नाही. दोन्ही बँडवरच्या एकाच राउटरच्याही दोन ओळी येतात. त्यांचे बीएसएसआयडीचे (यंत्राच्या ओळखीचे) आकडे सहसा एक-दोन जागीच वेगळे असतात.

सुरक्षेचा प्रकार: राउटरवर काय ठेवावं

राउटरच्या पानावर ‘वायरलेस सिक्युरिटी’ उघडलं की बरेच पर्याय दिसतात आणि मोह होतो की सगळं मिसळलेला पर्याय निवडावा, म्हणजे कुणीच अडणार नाही. प्रत्यक्षात अडचणी त्या मिश्रणातूनच येतात.

डब्ल्यूईपी ही १९९७ ची पद्धत २००१ मध्येच फोडली गेली. डब्ल्यूपीए ही २००३ ची तात्पुरती डागडुजी होती, जुन्याच चिपवर चालावी म्हणून टीकेआयपी हे कामचलाऊ एन्क्रिप्शन घेऊन आलेली. २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये एईएस हे भक्कम एन्क्रिप्शन आलं, आणि २००६ पासून वायफाय प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणाला ते बंधनकारक झालं. म्हणजे आज घरात असलेल्या जवळजवळ कुठल्याही लॅपटॉपला एईएस येतं. टीकेआयपी कुणासाठीच ठेवायला नको. तरीही ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२, टीकेआयपी+एईएस’ हा पर्याय कितीतरी घरांत चालू असतो. त्याचे दोन तोटे लगेच जाणवतात. जो लॅपटॉप टीकेआयपीवर जोडला जातो त्याचा वेग ५४ मेगाबिटांच्या वर जात नाही, कारण ८०२.११एन चे वेग टीकेआयपीबरोबर वापरायला मनाई आहे. आणि लॅपटॉपची स्वतःची चावी एईएसची असली तरी सगळ्यांसाठीची गटाची चावी टीकेआयपीची राहते. एखाद्या ड्रायव्हरला ही खिचडी झेपली नाही तर तो ‘कनेक्टेड’ दाखवतो पण राउटरने सर्वांना उद्देशून पाठवलेलं काही त्याला उलगडत नाही. आयपी पत्ता देणारं उत्तरही त्यात असू शकतं. नवं विंडोज आणि मॅकओएस अशा नेटवर्कला असुरक्षित म्हणून इशाराही देतात.

डब्ल्यूपीए३ ही २०१८ ची पद्धत. तिच्यात चावी जुळवण्याची रीत नवी आहे, एसएई नावाची, आणि नियंत्रणाच्या निरोपांचं संरक्षण सक्तीचं आहे. राउटरवर हे संरक्षण ‘पीएमएफ’ किंवा ‘८०२.११डब्ल्यू’ या नावाने दिसतं. विंडोज १० ला डब्ल्यूपीए३ आलं ते २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून, मॅकला मॅकओएस कॅटलिनापासून. पण विंडोज नवं असून भागत नाही, कार्डाच्या ड्रायव्हरलाही ते यावं लागतं. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही कमांड द्या आणि ‘ऑथेंटिकेशन अँड सायफर सपोर्टेड इन इन्फ्रास्ट्रक्चर मोड’ या ओळीखालची यादी वाचा. तिथे ‘डब्ल्यूपीए३-पर्सनल’ नसेल तर तो लॅपटॉप फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलेल्या राउटरला कितीही वेळा पासवर्ड टाकला तरी जोडला जाणार नाही. त्याच उत्तरात ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ आणि ‘८०२.११डब्ल्यू’ पुढचं येस किंवा नो हेही मिळतं. दुसऱ्याच्या लॅपटॉपचा प्रश्न फोनवरून सोडवायचा असेल तर आधी या एका कमांडचं उत्तर मागवावं, इतकी ती कामाची आहे.

आमचा सल्ला असा: २.४ गिगाहर्ट्झवर ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा संक्रमणाचा पर्याय, पीएमएफ ‘ऑप्शनल’ किंवा ‘केपेबल’वर. पीएमएफ ‘रिक्वायर्ड’ केलं आणि पद्धत डब्ल्यूपीए२ ठेवली तरी जुने लॅपटॉप बाहेर पडतात, आणि तेव्हा पासवर्डचा प्रश्नच येत नाही. राउटर त्याआधीच दार लावतो. संक्रमणाच्या पर्यायावरही एखादा जुना लॅपटॉप गोंधळत असेल तर दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि त्याला २.४ च्या नावावर ठेवा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, मात्र बंदच करा. त्याचा आठ आकडी पिन दोन भागांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. ही खोट २०११ मध्ये जाहीर झाली आहे.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि आधीच्या सेटिंगचा फोनने फोटो काढून ठेवा. राउटरचं पान शक्यतो केबल लावून उघडा, कारण वायफायवरून वायफायची सुरक्षा बदलली की ‘सेव्ह’ दाबताक्षणी तुम्हीच बाहेर फेकले जाता.

जोडलं गेलं, पण नेट नाही

१६९.२५४ चा पत्ता दिसत असेल तर कारणं मोजकी आहेत. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कसाठी कधीतरी हाताने घातलेला पत्ता तसाच राहिला असेल तर आयपी असाइनमेंट ‘ऑटोमॅटिक’ करा. राउटरवर मॅक फिल्टर (ठरावीक हार्डवेअर पत्त्यांच्या उपकरणांनाच प्रवेश) लावलेलं असेल आणि विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ चालू असेल, तर लॅपटॉप वेगळ्याच ओळखीने दारात उभा राहतो. घरच्या नेटवर्कसाठी ते बंद ठेवा. राउटरच्या डीएचसीपीची (आयपी पत्ते वाटणाऱ्या सोयीची) पत्त्यांची यादी छोटी असेल तर कॅमेरे, टीव्ही, सगळ्यांचे फोन मिळून ती भरून जाते. यादी वाढवा, किंवा राउटर रीस्टार्ट करून लगेच लॅपटॉप जोडून पाहा. त्यानंतर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’.

पत्ता नीट आहे पण पानं उघडत नाहीत, तेव्हा तीन वेळा पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ आणि पुढे पत्ता लिहून उत्तर येतं का ते पाहा. आधी ‘आयपीकॉन्फिग’मध्ये दिसलेल्या डीफॉल्ट गेटवेला (राउटरच्या पत्त्याला), मग १.१.१.१ ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिल्यालाच उत्तर नसेल तर अजून वायफायचाच प्रश्न आहे. दुसऱ्याला नसेल तर कनेक्शनचा. फक्त तिसऱ्याला नसेल तर डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा), डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून पाहा. व्हीपीएन आणि अँटिव्हायरसची फायरवॉल थोडा वेळ बंद करून तपासा.

पानं उघडताना तारखेची किंवा प्रमाणपत्राची चूक दिसत असेल तर घड्याळाकडे बघा. जुन्या लॅपटॉपातला बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) सेल उतरला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडणं थांबतं. अनेक लॅपटॉपांत तो सीआर२०३२ असतो, वायरला जोडलेला.

जोडलं जातं आणि तुटतं

इथे तुटण्याची वेळच कारण सांगते, म्हणून दोन दिवस वेळा लिहून ठेवा. बरोबर तासातासाने तुटत असेल तर राउटरचा ‘ग्रुप की रिन्यूअल’चा काळ पाहा; तो बऱ्याचदा ३६०० सेकंद असतो. त्या वेळी सगळ्यांना गटाची नवी चावी मिळते आणि खराब ड्रायव्हर ती घेताना गळतो. ड्रायव्हर बदलणं हा खरा उपाय.

झाकण मिटून उघडल्यावर तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमचं कार्ड, पॉवर मॅनेजमेंट इथली ‘अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’ ही खूण काढा. मॉडर्न स्टँडबाय असलेल्या नव्या लॅपटॉपांत हा टॅब बहुधा नसतो. तिथे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून घ्या. विंडोज अपडेटनंतर लगेच सुरू झालं असेल तर त्याच खिडकीत ‘रोल बॅक ड्रायव्हर’.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली की २.४ वरचं वायफाय मरगळतं, हा भास नाही. त्या केबलमधून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा ५ वर जा. मायक्रोवेव्ह चालू असताना तुटणंही त्याच पट्ट्यातलं. विशिष्ट खोलीत तुटत असेल तर राउटरची जागा बदला: लोखंडी कपाटामागून, फ्रिजच्या डोक्यावरून, टीव्हीच्या पाठीमागून बाहेर काढून छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर. मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर टिचकी मारली की आरएसएसआय, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, दिसतो. उणे ६७ च्या वर असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली चावी जुळण्यातच अडथळे येतात.

आणि सगळीच उपकरणं एकदम तुटत असतील तर राउटरचा अडॅप्टर तपासा. हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी दुसरा लावताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. कमी अँपिअरचा अडॅप्टर दिवे लावतो, पण भार वाढला की राउटर आपोआप रीस्टार्ट होतो.

वेळा लिहिणं जमत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ द्या. मागच्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी आणि प्रत्येक तुटणं, कारणासकट, एका पानावर मिळतं. फाइल कुठे ठेवली ते कमांडच सांगते.

लिनक्स असेल तर

‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ या कमांडच्या सिक्युरिटी रकान्यात राउटर काय देतोय ते कळतं. नोंदींत ‘राँग की’ किंवा ‘प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट’ असं दिसलं तर चावीचा प्रश्न आहे, पण दुबळ्या सिग्नललाही हेच वाक्य येतं. ‘आरएफकिल लिस्ट’ मध्ये ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे येस असेल तर स्विच किंवा बायोस बघा, सॉफ्टवेअरने ते उघडत नाही. बीसीएम४३१४२ साठी ब्रॉडकॉमचा जो बंद ड्रायव्हर वापरावा लागतो त्याला डब्ल्यूपीए३ येत नाही. राउटर डब्ल्यूपीए२ वर ठेवा.

शेवटचे उपाय

विंडोजचं ‘नेटवर्क रीसेट’ सगळे साठवलेले पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी पुसून टाकतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी. त्याआधी लागणारे पासवर्ड ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल नेम="नेटवर्कचं नाव" की=क्लिअर’ या कमांडने बघून लिहून घ्या; ‘की कंटेंट’ पुढे असतो तो पासवर्ड.

ड्रायव्हरांच्या यादीत एईएस-डब्ल्यूपीए२ आहे, पासवर्ड खात्रीचा आहे, राउटर दोन मीटरवर आहे, फोनच्या डब्ल्यूपीए२ हॉटस्पॉटलाही लॅपटॉप जोडला जात नाही, असं असेल तर कार्ड गेलं आहे किंवा त्याची अँटेनाची तार निसटली आहे. सर्वांत सोपा इलाज यूएसबी डाँगल, म्हणजे यूएसबी पोर्टला लावायचं छोटं वायफाय कार्ड. खोक्यावर नुसतं ‘१५० एमबीपीएस’ लिहिलेले डाँगल फक्त २.४ चे असतात, ते घेऊ नका. ड्युअल बँड आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही लिहिलेलं पाहा. आतलं कार्ड बदलायचं असेल तर आधी लॅपटॉपचा मागचा भाग उघडून स्लॉट पाहा. एम.२, २२३० आकाराचा, ई-की स्लॉट असेल तर इंटेल एएक्स२१० बसतं आणि ते एएमडीच्या लॅपटॉपातही चालतं, पण विंडोज ६४ बिटांचं लागतं. एएक्स२११ दिसायला सारखंच, पण ते ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतं. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तरी बदलून घ्या. जुन्या हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाच्या अँटेनाची टोकं मोठी असतात आणि एम.२ कार्डावर बसत नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस तर अनोळखी कार्ड दिसताच चालूच होत नाही. तिथे डाँगलच.